ट्रॅकसूट घेतला, आता काय!

दिल्लीत सरोजिनी नगरच्या बाजारात घासाघीस करून दीडशेला ट्रॅकसूट पटकावला की पन्नाशीच्या माणसाचा निम्मा व्यायाम तिथेच उरकतो. उरलेल्या निम्म्याला हवामान आडवं येतं: नोव्हेंबरात धुरकं, मेमध्ये लू, जुलैत चिखल.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे बोलता येईल, पण गाता येणार नाही असा. सरकारी वसाहतीतल्या बागेत साहेब लोकांचं महागाई भत्त्यावर बोलणं अखंड चालतं, पाय तेवढे बाकावर असतात. रक्तदाब, साखर तपासायचं विचारलं, की ‘मला काही होत नाही’. ही दोन्ही दुखणी आधी वर्दी देऊन येत नाहीत, हे कोण सांगणार? खिशात सीजीएचएसचं, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं कार्ड (योजना १९५४ची, म्हणजे साहेबांहून वडीलधारी), सफदरजंग आणि एम्स ही रुग्णालयं हाकेच्या अंतरावर. मग घाई कसली?

परवा एका साहेबांच्या छातीवर जिना चढताना दाब आला. निदान स्वतःच केलं: गॅस. वर ओवा चावला. वहिनींनी न बोलता रिक्षा थांबवली, तेव्हा साहेब म्हणाले, “अगं, आधी भाडं तरी ठरव!”