काचेतली भावकी

आमच्या भातकुलीचा जन्म एका कापलेल्या मिशीतून झाला, अशी कथा आहे. कृष्णानं रुक्मिणीला पळवलं तेव्हा तिचा भाऊ रुक्मी रथ हाकत त्याच्या मागे लागला. निघताना सांगून बसला, की कृष्णाला मारून बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही. माणसानं रागाच्या भरात राहण्याच्या पत्त्याविषयी बोलू नये. रुक्मी हरला. बहिणीनं रदबदली केली म्हणून जीव वाचला, पण कृष्णानं त्याला बांधून दाढी, मिशी, केस जागोजागी असे भादरले, की त्यापेक्षा पूर्ण चकोट बरा. आता प्रतिज्ञेमुळे घरी जाता येईना आणि मिशीमुळे कुठंच जाता येईना, म्हणून त्यानं भोजकट नावाचं नवं नगर वसवलं. ते भोजकट म्हणजेच भातकुली, असं इकडे मानतात. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या चम्मकच्या ताम्रपटात भोजकट राज्याचा उल्लेख आहे, तेव्हा नाव तरी जुनं आणि पक्कं. मिशीला ताम्रपटाचा आधार नाही.

मला ही कथा एका माशामुळे आठवली.

झालं असं, की ऑफिसातल्या एका मित्राची गडचिरोलीला बदली झाली. बदली झालेला माणूस जाताना कर्णासारखा वागतो. एकाला शेगडी दिली, एकाला तुळशीची कुंडी, एकाला अर्धवट भरलेला सिलिंडर. माझ्या वाट्याला तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच अशी काचेची पेटी आली. हिशेबानं सव्वाशे लिटर पाणी. आत दोन एंजल. एंजल म्हणजे मासा कमी आणि पतंग जास्त. चपटा, रुपेरी, वर-खाली लांबलचक पर आणि पोटाखाली लोंबणाऱ्या दोन बारीक दोऱ्या. त्याही पराच्याच जातीच्या असतात म्हणे, पण मला पहिल्या दिवसापासून त्या मिशाच दिसल्या. चाल अशी, की जुन्या वाड्यातले देशमुख धोतराचा सोगा सावरत ओसरीवर फेऱ्या घालत आहेत.

"भाऊ, एवढे दोन जीव सांभाळजा," मित्र म्हणाला, आणि गडचिरोलीच्या गाडीत बसला.

पहिली अडचण पाण्याची. भातकुली खारपाणपट्ट्यात येते. पूर्णेच्या खोऱ्यातल्या अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे, आणि इथल्या जमिनीखाली पाणी नाही असं नाही. आहे, पण ते पाहुण्याला देण्यासारखं नाही. त्यात दाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि बोअरच्या पाण्यानं आठवडाभर आंघोळ केली की डोक्यावर केस आहेत का केरसुणी, ते चाचपून पाहावं लागतं. एंजल मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, मऊ पाण्यातला. आता शेततळ्यांत वाढवलेली त्याची पिलावळ बरंच खपवून घेते, पण आमचं बोअर खपवून घ्यायला वऱ्हाडातच जन्म घ्यावा लागतो. मी आरओच्या प्लांटवरून जार आणू लागलो. अर्धं आरओ, अर्धं बोअर.

"घरातल्या मानसाले बोअरचं, न् माशाइले आरओ," ही म्हणाली. तिनं ते भिंतीकडे बघून म्हटलं, त्यामुळे उत्तर देण्याची जबाबदारी भिंतीची होती.

दोन देशमुख दिवसभर फेऱ्या मारताना बघून महिनाभरात कंटाळा आला. पेटीत काही रौनक पाहिजे म्हणून अमरावतीला गेलो. एका दुकानात टायगर दिसले. नारिंगी-पिवळं अंग, त्यावर चार काळे पट्टे, परांना लाल कड, आणि अंगात असा वारा भरलेला, की एका जागी अर्धा मिनिट थांबतील तर शपथ. हा मासा सुमात्रा-बोर्निओकडचा. बटाव्हियात नोकरीला असलेल्या पीटर ब्लीकर नावाच्या डच लष्करी डॉक्टरनं १८५५ साली त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं आणि चार पट्टे मोजून त्याला 'टेट्राझोना' नाव दिलं. या ब्लीकरनं हजाराहून जास्त माशांना नावं दिली. तो रुग्ण कधी तपासत असेल, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे. कुळानं टायगर आपल्या रोहूचा चुलतभाऊ. म्हणजे वऱ्हाडात एका भावाला आपण रस्सा करून खातो आणि दुसऱ्याला डबी उघडून दाणे टाकतो. भावकीत असं चालायचंच.

दुकानात मासे जोडीनं विकतात. मी म्हटलं, दीड जोडी द्या.

दुकानदारानं माझ्याकडे नीट पाहिलं. "काकाजी, टायगर सहाच्या खाली नेऊ नका. आठ-दहा असले तं अजून बरं. न् घरी दुसरे कोनते मासे हायेत?"

"एंजल."

"मंग तं नेऊच नका. थे त्याचे कपडे फाडतीन."

आता बघा, या माणसानं माल विकू नये म्हणून सांगितलं, आणि घ्यायचाच तर जास्त घ्या असंही सांगितलं. मी त्यातलं दुसरं वाक्य तेवढं ऐकलं. दुकानदार 'जास्त घ्या' म्हणाला की वऱ्हाडी माणसाचा हात आपोआप खिशावर जातो. तो खरं बोलत असेल, ही शक्यता आपण गृहीतच धरत नाही. शिवाय माझं साधं गणित होतं: हा मासा भांडखोर आहे ना? मग जेवढे कमी तेवढी भांडणं कमी. तीन भांडखोर हे दहा भांडखोरांपेक्षा बरे, हे चौथीतलं पोरगंही सांगेल. दीड जोडी घेऊन आलो.

मायला सांगितलं, टायगर आणले.

"वाघ? मेळघाट कमी पडला काय?"

तिचं बोलणं वाटतं तेवढं अडाण्याचं नव्हतं. मेळघाटातला वाघ एकट्यानं राहतो, आपली हद्द राखतो, विनाकारण कोणाच्या वाटेला जात नाही. हा टायगर अगदी उलटा. याला एकट्यानं राहवत नाही आणि चौघांत राहून कोणाला सुखानं बसू देत नाही. असा प्राणी बघायला मेळघाटात जायची गरज नाही, कोणत्याही पारावर सापडतो.

पहिले दोन दिवस त्या तिघांत आपसात ठरलं. कोण मोठा, कोण मधला, कोण धाकटा. ठरलं एकदाचं, आणि मग अंगातल्या उरलेल्या वाऱ्याचं काय करायचं, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. समोरून देशमुख सोगा सावरत चालले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका एंजलच्या शेपटाला झालर लागलेली दिसली. मला वाटलं, वाढतंय. पाचव्या दिवशी दुसऱ्याची एक मिशी गेली. सहाव्या दिवशी दुसरी. टायगर चावून तोडत नाही. जाता जाता एक चिमटा काढतो आणि असा पुढे निघून जातो, की आपण त्या गावचेच नाही. एंजल वळून पाहीपर्यंत मागून दुसरा. ज्या भातकुलीत आदिनाथाच्या प्राचीन मंदिरासाठी लांबून यात्रेकरू येतात आणि मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालतात, त्या गावात माझ्या बैठकीत, ट्यूबलाइटच्या उजेडात, दिवसाढवळ्या हे चाललं होतं.

नवव्या दिवशी झालरवाला एंजल गेला. त्याला मी परसात जास्वंदीखाली पुरलं. मित्राला कळवलं नाही. बदलीच्या गावी माणसाला आधीच बरंच काही सोसावं लागतं.

उरलेला एक कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीमागे, तोंड भिंतीकडे करून उभा राहू लागला. मिशा नाहीत, शेपूट कुरतडलेलं, वरचा पर कातरलेला. अगदी रुक्मी. कुंडिनपूर सोडलेला, भोजकट अजून वसवायचं बाकी.

दुकानदाराला फोन केला. "जखमेले थोडं मीठ टाका पान्यात," तो म्हणाला. मी म्हटलं, भाऊ, मी भातकुलीहून बोलतो. दोन क्षण शांतता. "मंग राहू द्या," तो म्हणाला.

निदान शेवटी मायनं केलं. ती दुपारी पेटीसमोर खुर्ची टाकून बसते. टीव्हीवरच्या मालिकेपेक्षा हे बरं, यात जाहिराती नाहीत, असं तिचं मत.

"काऊन रे, तीनच काऊन आनले?"

"भांडतात म्हणून."

"म्हनूनच तं! आमी वाड्यात अकरा जनी होतो. सासू, चुलतसासू, जावा, नंदा. भांडन रोज. पन आज इचा नंबर, उद्या तिचा, परवा माह्या. कोनाचा राग कोनावर निंघे, तेच समजे नाई. एकीवरच कधी आलं नाई. न् थे गंगूची जाऊ, तिच्या घरी तिघीच होत्या. दोघी एक झाल्या, तिसरी इहिरीकडे पाहे." मग पेटीकडे बोट दाखवून, "आन अजून. घर भरलं की मानूस वाचते."

दुकानदारानं सांगितलं होतं तेच हे. फक्त त्यानं सुमात्र्याचा मासा पाळला होता आणि मायनं सासर काढलं होतं. टायगरांच्या थव्यात वरचढपणाची उतरंड लागते. नरांची नाकं चढाओढीत लालबुंद होतात, एकमेकांभोवती गिरक्या घेतात, पाठलाग करतात. थवा मोठा असला की प्रत्येकाला पिटाळायला आपल्याच जातीचा कोणीतरी सापडतो आणि मारही वाटून मिळतो. उतरंड रोज थोडी हलते, ती परत लावण्यात दिवस जातो, परक्याकडे बघायला सवड राहत नाही. थवा लहान असला की तो सगळा उद्योग शेजाऱ्याच्या वाट्याला येतो, आणि शेजारी संथ, लांब झग्याचा असला तर विचारूच नका.

हे समजलं आणि मला माझ्या स्वतःच्या परिस्थितीचाही उलगडा झाला. पोरगा पुण्यात, पोरगी हैदराबादला. घरात आम्ही तिघं: माय, ही आणि मी. आता तीन टायगर म्हणा, की दोन टायगर आणि एक एंजल. टॉवेल पलंगावर टाकला, चहाचा कप तिथंच ठेवला, जारचे पैसे दिले, दिले नाहीत, सगळे चिमटे एकाच शेपटाला. दिवाळीत मात्र बहिणी, भाचे, साळे मिळून चौदा माणसं जमतात. तेव्हा मी तीन दिवस तोच सदरा घातला तरी कोणाचं लक्ष जात नाही. एवढी वर्षं मला वाटायचं, सणामुळे वातावरण प्रसन्न असतं.

चार जोड्या आणल्या. दुकानदार काही बोलला नाही, पण एक टायगर जास्तीचा दिला. तो माणूस मोठ्या मनाचा आहे. एकूण बारा झाले.

पहिला आठवडा पेटीत ग्रामपंचायतीची निवडणूक होती. जुन्या तिघांची सत्ता दीड दिवसात गेली. नव्यांतल्या एका गलेलठ्ठ मादीनं सगळ्यांना सरळ केलं. कोण कोणाच्या मागे धावतोय ते मोजायला मी वही घेऊन बसलो, आणि पाच मिनिटांत वही मिटली. एंजल नळीमागून बघत होता. त्याच्याकडे कोणी फिरकेना. चौथ्या दिवशी तो बाहेर आला, पेटीच्या मध्यापर्यंत गेला, आणि गर्दीतून कोणी हटकलं नाही हे बघून जवळजवळ अपमान झाल्यासारखा परत फिरला.

चिमटे पूर्ण थांबले, असं नाही. दाणे टाकायच्या वेळी एखादा अजूनही त्याच्या शेपटाची चव घेऊन जातो. खरं तर एंजल आणि टायगर एका पेटीत ठेवूच नयेत, हेच शहाणपण. पण दुसरी पेटी घ्यायचा विषय मी काढला, तेव्हा घरात टायगर दोनच होते आणि मी एकटा होतो.

मग मे आला. अमरावतीचा मे म्हणजे पारा पंचेचाळिसाला शिवणार आणि दुपारी लाइन जाणार, हे ठरलेलं. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, आणि नेमका तेव्हाच पंप बंद पडतो. मी फ्रीजरमध्ये बर्फ केलेल्या बाटल्या पेटीत तरंगत सोडल्या आणि सेलवरचा बारका पंप लावला. आमच्या स्वतःच्या डोक्यावर ओलं फडकं. कूलर पेटीकडे वळवला की ही तो पलंगाकडे वळवायची, मी परत पेटीकडे. आठ दिवसांनी तो मध्येच, भिंतीकडे तोंड करून राहिला. अशाच एका रात्री लाइन गेली असताना बॅटरी मारून पाहिलं, तर बाराही टायगर डोकं खाली, शेपूट वर करून, तिरपे, हवेत टांगल्यासारखे झोपले होते. पट्टे फिके पडलेले. दिवसभर एकमेकांच्या मागे धावलेली जमात, आता इतकी जवळजवळ, की मधून बोट जाणार नाही. एंजल थोडा बाजूला, पण नळीच्या पुढे.

पर पुन्हा फुटतात, मुळाला धक्का लागला नसेल तर. आधी कोवळं, काचेसारखं पारदर्शक येतं, रंग मागाहून भरतो. पावसाळ्याच्या तोंडाला त्याचं शेपूट निम्मं भरलं होतं. मिशी एक फुटली, ती वाकडी. दुसरी नाहीच.

दिवाळीच्या सुटीत मित्र गडचिरोलीहून आला. क्वार्टर मिळालं होतं, तिथं पेटीही घेतली होती. चहा येईपर्यंत तो पेटीपुढे वाकून उभा राहिला. बारा टायगर त्याच्या नाकासमोरून वरात काढून गेले.

"भाऊ, एक कुठी गेला?"

मी जास्वंदीकडे पाहिलं. त्यानंही पाहिलं.

"न् हा माहा नाई."

"तुमचाच हाये."

"याले मिशा कुठी हायेत? ते जाऊ द्या, असन तर असन. मी घिऊन जातो याले. तिकडचं पानी गोड हाये."

"आता थो येत नाई," मी म्हटलं. "मिशी कापलेला इथून परत गेला नाई कधी."

त्याला रुक्मीची गोष्ट ठाऊक नव्हती. ती सांगेस्तोवर त्याचा चहा निवला, आणि चहा निवला म्हणून मला दोन्ही बाजूंनी एक-एक चिमटा बसला.