तासाच्या भावाने

वसंतदादा पाटलांच्या सरकारने १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली आणि शिक्षणाचा बाजार भरू लागला. खानदेशाला बाजार नवा नाही. कापूस-केळीचा भाव इथे शेंबड्या पोरालाही तोंडपाठ. आता प्राध्यापकाचाही कळतो, तासावर. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव मिळाले. फी न भरता शहाण्या झालेल्या निरक्षर बाईंना तिथे जागा उरली होती ती पाटीवरच!

नेट-सेट, पीएच.डी. झालेले तासिका तत्त्वावरचे सर जेवढे शिकवतील तेवढेच मानधन. दिवाळीच्या सुटीत ज्ञानही बंद, पैसेही. केळीच्या बागेतल्या मजुराची मजुरी निदान आठवडे बाजाराला हातात पडते; सरांचे बिल महिनोन्‌महिने टेबलांवरून फिरते. (बिलाला प्रवासभत्ता नसतो, हे नशीब.)

जून लागला की काही विनाअनुदानित ठिकाणचे सर माहितीपत्रकांची पिशवी अडकवून साक्री-पारोळ्याकडच्या खेड्यांत ‘ॲडमिशन’ गोळा करत हिंडतात. ओट्यावर चहा येतो, मागोमाग प्रश्न : “सर, नोकरी लागी का पोऱ्याले?”

सर ठामपणे हो म्हणतात. त्यांची स्वतःची सोयरीक याच प्रश्नावर मोडलेली असते.