कर्म शोधा, कर्म!

इंग्रजी क्रियापदं आपण कधी शिकलोच नाही, पाढ्यांसारखी घोकली. ‘गो-वेंट-गॉन’ डोलत डोलत म्हटलं की गाडी सुरळीत चालते. घसरते ती ‘लाय’पाशी. ‘लाय’ म्हणजे आडवं होणं, भूतकाळ ‘ले’. पण ‘ले’ हे वेगळं क्रियापदही आहे. अर्थ ठेवणं किंवा अंडी घालणं, भूतकाळ ‘लेड’. शिवाय खोटं बोलणं म्हणजेही ‘लाय’च, त्याचा भूतकाळ ‘लाइड’. एकाचा काल तो दुसऱ्याचा आज!

दहावीतल्या भाचीने मला यात पकडलं. “मामा, ‘द हेन्स ले’ म्हणजे कोंबड्या काल आडव्या झाल्या की रोज अंडी घालतात?”

“वाक्यात अंडं आहे का बघ. अंडं म्हणजे कर्म.”

“नाहीये.”

“मग झोपल्या असतील बिचाऱ्या.”

माझ्या कंबरेवर उपचार करणारे डॉक्टर “काका, ले डाऊन” म्हणतात. व्याकरणाप्रमाणे मी “काय ठेवू?” असं विचारायला हवं. पण कंबर त्यांच्या हातात असते, त्यामुळे मुकाट्याने आडवा होतो. खुद्द बॉब डिलनने 1969 साली ‘ले लेडी ले’ गायलं. व्याकरणाने तिथे ‘लाय’ हवं होतं. त्याला 2016 साली साहित्याचं नोबेल मिळालं. आमच्या भाचीचा अर्धा मार्क गेला असता.

वरवर हा सगळा सावळागोंधळ वाटतो, पण त्यामागे रीत आहे. फार पूर्वी या भाषेत मधला स्वर बदलून जोड्या तयार झाल्या: एक आपोआप होण्याची, दुसरी करायला लावण्याची. ‘सिट’ म्हणजे बसणे, ‘सेट’ म्हणजे बसवणे. ‘फॉल’ म्हणजे पडणे, ‘फेल’ म्हणजे झाड वगैरे पाडणे. ‘लाय’ आणि ‘ले’ याच पंगतीतले. गंमत म्हणजे ‘फॉल’चा भूतकाळही ‘फेल’, आणि आपल्याकडे ‘फेल’ म्हटलं की आधी निकालच आठवतो.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, गळणे-गाळणे हे आपण पाळण्यापासून बोलतोय. सोसायटीतलं गुलमोहराचं झाड पडलं की पाडलं, यावर आमच्या सभेत मध्यरात्रीपर्यंत खल चालला होता. 1975 च्या झाडांच्या कायद्याखाली पडलेल्याला दोष नाही, परवानगीशिवाय पाडणाऱ्याला शिक्षा आहे. ‘बिल्डरने’ हा कर्ता आणि ‘झाड’ हे कर्म कुणालाही शिकवावं लागलं नाही. चौथीपर्यंत शिकलेले आमचे वॉचमनही म्हणाले, “साहेब, वारा नव्हता.”

तेव्हा पोरांनो, ही क्रियापदं सुटी घोकू नका, जोडीने घोका. पेपरात अडलात, तर आधी मराठीत विचारा, पडलं की पाडलं? मग कर्म शोधा. फळाची चिंता परीक्षक करतील.