माणशी किती?

आंब्याची पेटी उघडली की बाकीचे वास घेतात, हा मोजतो. पंगतीत जिलबीचं ताट आलं की सगळ्यांची नजर जिलबीवर असते, याची पंगतीवर. प्रत्येक घरात असा एक माणूस असतोच. पदार्थ कोणता, कसा झालाय, गरम आहे की गार, या चौकशा नंतर. त्याचा पहिला प्रश्न एकच: "माणशी किती?" घरोघरी त्याची नावं वेगळी. इथे आपण त्याला माणशीकाका म्हणू.

असेच एक माणशीकाका भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झाले. भावाभावांच्या शेतांत उभं राहून हिस्से, पोटहिस्से पाडण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्तीनंतर शेतं राहिली नाहीत, तेव्हा ते ताटांकडे वळले. ढोकळ्याचा चौकोन त्यांच्यासमोर आला की सुरी लावण्याआधी ते एक डोळा मिटून बघतात.

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून माद्रिदला नोकरी करणाऱ्या मुलानं आईवडिलांना बोलावून घेतलं. सासू-सासऱ्यांनाही बोलावलं. मेजवानी ठरली कावा बाहा या गल्लीत. जुन्या माद्रिदच्या ला लातीना भागातली ही गल्ली म्हणजे तापास बारांची रांगच. मंडळी होती काका, काकू, मुलगा, सून, आठ वर्षांची नात, व्याही आणि विहीणबाई.

पहिली अडचण वेळेची. काकांनी सगळ्यांना संध्याकाळी सातलाच दारात उभं केलं. आत पेयं मिळत होती, पण स्वयंपाकघर साडेआठशिवाय सुरू होणार नव्हतं. स्पेनमध्ये रात्री नऊ-दहाला जेवायला बसतात. मुलानं समजावलं, की 1940 मध्ये फ्रँकोच्या राजवटीत देशाची घड्याळं एक तास पुढे केली, ती पुन्हा मागे घेतलीच नाहीत. त्यामुळे सूर्य एका वेळेला चालतो आणि काटे दुसऱ्या.

"इतक्या वर्षांत दुरुस्तीचा अर्ज कुणीच केला नाही?" काकांनी विचारलं.

दुसरी अडचण मेनूकार्डाची. एकाच पदार्थाचे तीन आकार: तापा म्हणजे चव बघण्यापुरतं, मेदिया रासियोन म्हणजे अर्धी ताटली आणि रासियोन म्हणजे पुरी. नग किती, ते कुठेच लिहिलेलं नाही. शिवाय जे आधी तयार होईल ते आधी येतं आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं जातं. आपल्या पंगतीत मिठापासून लिंबाच्या फोडीपर्यंत प्रत्येकाच्या पानावर प्रत्येकाचं. इथे समोर तळहाताएवढी रिकामी बशी आणि मधे सार्वजनिक मालमत्ता. ज्याचा हात लांब, त्याची जमीन. काकांनी खुर्ची पुढे ओढली.

त्यांच्या प्रश्नाला स्पेननं आधीच्या आठवड्यात गावोगावी वेगवेगळी उत्तरं दिली होती. सान सेबास्तियनला ते सगळ्यांत सुखी होते. तिथल्या बारांत पिंचोस, म्हणजे एका-दोन घासांचे पदार्थ, काउंटरवर मांडलेले असतात. पुष्कळांत काडी टोचलेली असते. आपल्या हातानं घ्यायचं, काड्या बशीत ठेवायच्या आणि काही ठिकाणी शेवटी त्या मोजून पैसे द्यायचे. ऑलिव्ह, लोणच्यातली हिरवी मिरची आणि अँचोवी मासा एका काडीला ओवलेला तिथला प्रसिद्ध पिंचो म्हणजे हिल्दा. रिटा हेवर्थच्या 1946 च्या चित्रपटावरून त्याचं नाव पडलं. काकांना चित्रपटात रस नव्हता. ते बशीतल्या काड्या दहा-दहाच्या गठ्ठ्यांत लावत होते आणि बारवाल्याला सांगत होते, "माणशी चार, ताळा करून बघा." मराठीत.

सेव्हिलला 1670 पासून चालू असलेल्या एल रिंकोन्सिलोमध्ये बारवाला गिऱ्हाइकाचा हिशेब खडूनं थेट लाकडी काउंटरवर मांडतो. काकांनी बेरीज उलट्या बाजूनं वाचून तपासली. बरोबर निघाल्यावर बारवाल्याकडे बघून अशी मान हलवली, जशी साहेब कारकुनाकडे बघून हलवतात.

ग्रानादाला मात्र त्यांचा घात झाला. तिथे पेय मागवलं की सोबत तापा फुकट. दुसरं पेय, दुसरा तापा. काय येईल, ते बारवाला ठरवणार. व्याह्यांनी तीन बियर घेतल्या, काका एका लिंबू सरबतावर. "म्हणजे पिणाऱ्याला वाढीव हिस्सा!" काका बाहेर पडेपर्यंत पुटपुटत होते. "माणशी काही उरलंच नाही." व्याही काही बोलले नाहीत. त्यांना ग्रानादा फार आवडलं.

तर कावा बाहा. क्रोकेतासची ताटली आली. बाहेरून कुरकुरीत, आत दूध-मैद्याचा दाट सॉस आणि हामोनचे, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे, बारीक तुकडे. काकांनी चमच्याच्या टोकानं हवेतल्या हवेत सहा नग मोजले. "माणशी एक. बरोबर बसलं." विहीणबाई शाकाहारी, म्हणून त्यांची क्रोकेता नातीच्या बशीत गेली आणि बदल्यात त्यांच्या नावावर टोमॅटो चोळलेला पाव लागला. रीतसर अदलाबदल.

मग पाद्रोनच्या मिरच्या. गॅलिशियातल्या या छोट्या हिरव्या मिरच्या तेलात परतून वर जाडं मीठ टाकतात. त्यांतल्या बहुतेक सौम्य, एखादीच झणझणीत. कोणती, ते खाल्ल्यावर कळतं. चोवीस निघाल्या. "माणशी चार." वाटणी नगांची झाली, तिखटाची नाही, जाळ एकट्या व्याह्यांच्या हिश्श्याला आला. ते पाणी पीत असताना सुनेनं माहिती दिली, की मिरची मूळची अमेरिकेतली. कोलंबसानंतर ती स्पेनला आली आणि पोर्तुगीजांनी ती भारतात, गोव्याच्या किनाऱ्यावर उतरवली. व्याह्यांनी हातानंच पुरे म्हणून खूण केली.

शेवटी तोर्तिया, म्हणजे बटाटा घातलेलं अंड्याचं जाड, गोल ऑम्लेट. त्यात कांदा असावा की नसावा यावर स्पेनमध्ये कायमचे दोन तट आहेत. विहीणबाईंना अंडं चालत नाही, पण बटाट्याआड ते दिसत नसल्यामुळे चाललं. काकांनी सुरी घेतली, एक डोळा मिटला, केंद्र शोधलं आणि तीन फटक्यांत सहा तुकडे पाडले. एकाही तुकड्याची कड दुसऱ्यापेक्षा मोठी नव्हती. वेटर थांबून बघत राहिला.

शेजारच्या टेबलावर मात्र एकच क्रोकेता कधीची पडून होती. चौघं माणसं गप्पा मारत होती, तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. मुलानं सांगितलं, की ताटलीतला शेवटचा तुकडा उचलायला इथे सगळे संकोचतात. तो लाजेचा तुकडा. "पण आहे कुणाच्या हिश्श्याची?" काका अस्वस्थ झाले. "भागाकार चुकल्याशिवाय बाकी उरत नाही."

नात बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत होती. "आजोबा, आपण सात आहोत."

"हो, मग?"

"मग तुमची बशी रिकामी का?"

टेबलावर शांतता झाली. सुनेनं बशीकडे पाहिलं. तेलाचा डागसुद्धा नव्हता. सहा क्रोकेता, चोवीस मिरच्या, सहा तुकडे. भागाकार प्रत्येक वेळी सहानं झाला होता आणि मोजणारा मोजणीत नव्हता.

"मला तळलेलं सोसत नाही," काका म्हणाले. तोर्तियाबद्दल त्यांना लगेच काही सुचलं नाही.

काकूंना यात नवल वाटलं नाही. "चाळीस वर्षं हेच चाललंय," त्या व्याह्यांना म्हणाल्या. "सगळ्यांना माणशी दोन, माणशी तीन, आणि यांचं काय विचारलं तर यांना सोसत नाही. मोठं कौतुक वाटून घेऊ नका हो. रात्री दीडला उठून डबे उघडतात, झाकणं वाजवतात आणि माझी झोप मोडतात. अहो, घ्या आता!" आणि त्यांनी आपल्या तुकड्याचा मोठा अर्धा भाग त्यांच्या बशीत टाकला. काकांनी तो खाल्ला. अर्धा भाग मोठा कसा असू शकतो, हे मात्र विचारलं नाही. त्यांच्या कारकिर्दीत असं पहिल्यांदाच घडलं असावं.

बिल 154 युरो झालं. "माणशी बावीस," काका लगेच म्हणाले. या वेळी भागाकार सातानं होता. मुलगा नको नको म्हणत असताना त्यांनी आपले आणि काकूंचे चव्वेचाळीस युरो बाहेर काढले, आणि तो घेईना तेव्हा ते नातीच्या पर्समध्ये कोंबले.

तुमच्या घरचे माणशीकाका घेऊन स्पेनला जाणार असाल, तर एवढं करा. वेटरला हळूच माणसांचा खरा आकडा सांगा; बरेच जण ताटलीत एखादी क्रोकेता वाढवून देतात. मग भागाकारात एक उरेल. काका कुणाची, कुणाची म्हणून विचारत राहतील. उत्तर देऊ नका, ताटली त्यांच्याकडे सरकवा आणि दुसरीकडे बघा.