भिंतींना काम मिळाले

मुंबईत वांद्र्याच्या चॅपल रोडवर चित्रकार रणजित दहिया यांनी २०१२ मध्ये एका भिंतीवर सिनेमातली अनारकली रंगवली आणि त्या जुन्या गल्लीतल्या भिंतींना अखेर काम मिळाले : फॅशनच्या फोटोंत पोशाखामागे उभे राहणे. मॉडेलने एक पाय मुडपून भिंतीला टेकवायचा, नजर मात्र भलतीकडे, जणू भिंतीशी ओळखच नाही. ही बंडखोरी, इस्त्री केलेली.

आता रहिवाशांनीही थोडे सहकार्य करावे. दोरीवर रंगसंगतीत बसतील तेच कपडे वाळत घालावेत. कुकर भर दुपारी लावावा. कडक उन्हात फोटोग्राफर तसाही चहाला गेलेला असतो. आणि चित्रातल्या दारातून ऐन वेळी भाजीची पिशवी घेऊन कोणी आत शिरू नये. ‘मग मी माझ्या घरी जाऊ कधी?’ असे एखाद्या आंटीने विचारलेच, तर अदबीने सांगावे, ‘लाइट गेल्यावर.’