आमची बिलासपूरला बदली

शाळेला दांडी मारण्याची कला माझ्या अंगी उपजतच आहे, असं मला नववीपर्यंत वाटत होतं. 1984 च्या जुलैत तो गैरसमज दूर झाला. दांडी सगळेच मारतात. सुट्टीच्या दिवशी दांडी मारणारा माझ्या माहितीत अख्ख्या रायपुरात मी एकटाच.

आम्ही तात्यापाऱ्यात राहत होतो. वडील रेल्वेत कारकून. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि रस्त्यावर छत्तीसगढी, त्यामुळे खोटं बोलायला तीन भाषा हाताशी होत्या. नवशिकी पोरं रजेच्या अर्जात ताप आणतात, नाहीतर आजीला मारतात. पण ताप दोन दिवसांत उतरतो, आणि माझी आजी रोज संध्याकाळी शाळेवरूनच देवळात जायची. मी जरा दांडगं कारण काढलं. 'सविनय निवेदन है कि मेरे पिताजी का स्थानांतरण बिलासपुर हो गया है' अशी सुरुवात करून सामान बांधायला आठवड्याची रजा मागितली आणि खाली वडिलांची सही ठोकली. रायपूर स्टेशन त्या काळी बिलासपूर डिव्हिजनमध्येच होतं, तेव्हा अर्जात संशयाला जागा नव्हती. सहीसुद्धा इतकी हुबेहूब जमली होती की, ती वडिलांना दाखवण्याचा मोह मी महत्प्रयासाने आवरला.

पाच दिवस राजासारखे गेले. सकाळी छोटी लाइनच्या स्टेशनावर धमतरीची गाडी सोडायची, दुपारी बूढा तालाबच्या काठी डबा खायचा, शाळा सुटायच्या वेळी दमल्यासारखं तोंड करून घरी.

सहाव्या दिवशी आमच्याकडे दिव्याची अवस. आई समया-निरांजनं चिंचेने घासत बसली होती. त्याच अमावस्येला छत्तीसगढात हरेली असते, शेतकऱ्याचा वर्षातला पहिला सण. तिकडचा श्रावण आपल्याआधी पंधरा दिवस लागतो, म्हणून आपली आषाढी अमावस्या ती त्यांची श्रावणातली. हरेलीची सार्वजनिक सुट्टी 2019 साली आली. पण त्या दिवशी निम्मा वर्ग रिकामाच असतो, हे ओळखून आमच्या हेडमास्तरांनी त्या वर्षी आपल्या अधिकारात शाळा बंद ठेवली होती. आदल्या दिवशी वर्गावर्गांतून तशी सूचना फिरली. वर्गात मी नव्हतो. आणि घरातल्या मराठी कॅलेंडरात हरेली नव्हती.

गणवेश, दप्तर, डबा घेऊन मी बूढा तालाबवर पोचलो, तर आमच्याच वर्गातली चार पोरं तिथे. तीही रंगीत कपड्यांत! मला खरोखर संताप आला. इतक्या उघडपणे दांडी? काही धाक, काही लाज? असल्या पोरांमुळेच चांगली माणसं पकडली जातात, असं म्हणून मी पुरानी बस्तीच्या गल्ल्यांतून सटकलो, तो थेट खारून नदीवरच्या महादेव घाटाकडे. वाटेत पावसाने झोडपलं.

घाटाअलीकडच्या वस्तीत दारोदारी कडुनिंबाच्या डहाळ्या खोचलेल्या. अंगणात नांगर, कुदळी, फावडी धुऊन मांडलेली. पोरं बांबूच्या गेंडीवर चढून चिखलातून रच-रच आवाज करत चाललेली. तो आवाज चांगला निघावा म्हणून बांबूच्या सांध्यात रॉकेल घालतात, हे शास्त्र मला तिथेच कळलं. एक म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. "आज घलो इस्कूल हे का, बाबू?" आजसुद्धा शाळा आहे का, असं ती विचारत होती. मी म्हटलं, "हव दाई." तिने हळहळून माझ्या हातावर गुळाचा चीला ठेवला. मला ती दया भिजल्याबद्दलची वाटली.

चीला तोंडात असतानाच पलीकडच्या अंगणात धोतर खोचून नांगराला तांदळाच्या पिठाचा हात देणारा माणूस वळला. आमचे वर्गशिक्षक! पळायचं सोडून मी त्यांचे पाय धरले आणि कुणी काही विचारायच्या आत पाचही दिवसांचा कबुलीजबाब दिला. धमतरीची गाडी सांगितली, सही सांगितली, सामान बांधलं नाही हेही सांगितलं. गुरुजींनी शांतपणे हात पुसले.

"अरे, आज तो छुट्टी है," ते म्हणाले. मग चष्मा सारखा करून, "और तुम लोग तो बिलासपुर चले गए थे न?"

रात्री घरी पंचनामा झाला. मी शेवटचं अस्त्र काढलं: 1877 मध्ये चौदा वर्षांचा नरेंद्र दत्त, म्हणजे पुढचे स्वामी विवेकानंद, आपल्याच रायपुरात आला तेव्हा इथे धड शाळाच नव्हती. दोन वर्षं तो वडिलांपाशी शिकला, आणि कलकत्त्याला परत जाऊन एंट्रन्स पहिल्या वर्गात पास झाला. शाळेवाचून त्याचं काय अडलं?

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. "विश्वनाथबाबू वकील होते. मी कारकून. तरी प्रयत्न करतो," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला पावकी-निमकीपासून सुरुवात झाली. विश्वनाथबाबूंनी मुलाला स्वयंपाकही शिकवला होता, हे वडिलांना कुठून कळलं कोण जाणे, पण रात्रीच्या पोळ्या माझ्याकडे आल्या. औटकीपर्यंत पोचायच्या आत, चौथ्या दिवशी, मीच त्यांचा हात धरून त्यांना शाळेत घेऊन गेलो.

तिथे कळलं की माझं नाव केव्हाच कापलं गेलंय. बदली झालेल्या मुलाचं नाव ठेवतात कशाला? हेडमास्तरांनी वडिलांची खरी सही घेतली, ती खोट्या सहीशी ताडून पाहिली, आणि खोटी जास्त वळणदार असल्याचा शेरा तोंडी दिला. माझं नाव हजेरीपटाच्या अगदी तळाशी, नव्या शाईने चढलं. क्रमांक 52.

त्यानंतर वर्षभर मी एकही दिवस बुडवला नाही. रोज एक्कावन्न जण 'उपस्थित, श्रीमान' म्हणून झाले की गुरुजी वही मिटता मिटता थांबायचे, चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, "बिलासपुर से कब आए?"