आयत्या वेळचा विषय

आमच्या सोसायटीच्या परवाच्या सभेत चार विषय होते. पहिला, बी विंगच्या मागचं चेंबर तुंबल्याचा. दुसरा, पार्किंगचा. तिसरा, पार्किंगच्या विषयावर मागच्या सभेत झालेल्या भांडणाचा. आणि चौथा, 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. आयत्या वेळी येतो तोच विषय किती गंभीर असतो, हे एसटीच्या खिडकीजवळच्या सीटवर अडकून ज्यानं अनुभवलंय त्याला वेगळं सांगायला नको.

पहिल्या विषयाला सव्वा तास लागला. खजिनदारांनी चेंबरचे फोटो काढून आणले होते; ते मोबाइलवर, दोन बोटांनी मोठे करून, प्रत्येकाच्या नाकासमोर धरले गेले. रंग कोणता, घट्टपणा किती, सकाळी सहाला जास्त वर येतं की आठला, यावर सदस्य मनापासून बोलले. निवृत्त प्राचार्यांनी ए विंगचा मैला बी विंगला कसा जातो हे फळ्यावर बाण काढून दाखवलं. मध्येच चहा आणि क्रीमची बिस्किटं आली. चर्चा थांबली नाही आणि बिस्किटंही थांबली नाहीत.

एवढ्यात चेअरमनसाहेबांचा फोन वाजला. सूनबाईंचा. साहेबांचा आठ महिन्यांचा नातू तीन दिवस अडून बसला होता. "झाली? कधी? बरीच झाली का? रंग?" साहेब उभे राहिले. सभाही श्वास रोखून उभी राहिल्यासारखी. "पिवळी!" असं त्यांनी जाहीर करताच टाळ्या पडल्या. बी विंगच्या काकूंनी बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावायला सांगितलं. गेल्या सहा वर्षांत या सोसायटीत एकमतानं झालेलं हे एकमेव स्वागत.

मग चौथा विषय आला, आणि तो माझ्यावर होता.

तळमजल्यावर जिन्याखाली मुलांच्या पुस्तकांचं एक कपाट आहे. त्याची किल्ली माझ्याकडे असते. त्या कपाटात मी एक पुस्तक ठेवलं आणि रविवारी आठ-दहा पोरांना ते वाचून दाखवलं, असा आरोप होता. आरोप खरा होता.

"मुलांच्या पुस्तकात हे असलं?" काकू म्हणाल्या.

"असलं म्हणजे कसलं?"

"तेच."

"तेच म्हणजे?"

"अहो, तुम्हाला कळतंय मला काय म्हणायचंय ते!"

मघाशी ज्या काकूंनी चेंबरच्या फोटोवर बोट ठेवून 'हा गोळा तिसऱ्या मजल्याचा' असं निदान केलं होतं, त्याच या काकू.

पुस्तक जर्मन आहे. १९८९ साली आलं. लेखक वेर्नर होल्झवार्थ, चित्रकार वोल्फ एर्लब्रुख. गोष्ट अशी : जमिनीखाली राहणारा एक छोटा मोल सकाळी डोकं बाहेर काढतो आणि त्याच क्षणी कुणीतरी त्याच्या डोक्यावर कार्यक्रम उरकतं. ते तसंच डोक्यावर घेऊन तो गुन्हेगार शोधायला निघतो. कबुतर, घोडा, ससा, शेळी, गाय, डुक्कर, सगळ्यांना विचारतो. प्रत्येक जण आपण निर्दोष असल्याचा पुरावा जागच्या जागी, ताजा, करून दाखवतो. शेवटी या विषयातल्या जाणकार म्हणून दोन माश्यांना पाचारण होतं. त्या चव घेऊन कुत्र्याचं नाव सांगतात. मग मोल कुत्र्याच्या डोक्यावर आपला इवलासा सूड टाकतो आणि समाधानानं बिळात जातो. तपास, साक्षी, पंचनामा, तज्ज्ञांचं मत, न्याय. आपल्या पोलिसांनी बघावं असं पुस्तक.

या एर्लब्रुखना २००६ साली हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार मिळाला आणि २०१७ साली ॲस्ट्रिड लिंडग्रेन पुरस्कार, हे मी सभेला सांगितलं. "पुरस्कार काय, हल्ली कुणालाही मिळतात," असं प्राचार्य म्हणाले. त्यांना स्वतःला दोन मिळालेले आहेत.

माझ्याकडची प्रत इंग्रजी आहे, आणि तिच्या शीर्षकात साहेबी सभ्यतेनं असा शब्द योजलाय, की विषयही निघावा आणि नावही घ्यायला नको. मूळ जर्मन शीर्षक त्यापेक्षा सरळ आहे. त्यात फक्त 'डोक्यावर कोणी केली' असं विचारलंय. काय केली, ते नाही. आपल्याकडे आई तेच विचारते : "केलीस का?" कर्म गाळून क्रियापद वापरायचं, तेही जर्मन आणि मराठी आयांनी एकमेकींना न विचारता.

अडचण मोलची. हा प्राणी महाराष्ट्रात नाही. चिचुंद्री म्हणावं तर ती वेगळी. मी वाचताना 'घूस' म्हणालो, तर खजिनदारांनी त्यावर वेगळी हरकत घेतली. हिंदी सिनेमे बघणाऱ्या माणसाला तो शब्द लागतो.

पुढची भाषांतराची वाट मात्र लोण्यासारखी होती. कारण या प्रांतात मराठी सावकार आहे हो! कबुतराची शीट. घोड्याची लीद. शेळीच्या लेंड्या. गाईचं शेण, त्यातही एकावेळी पडला तो पो, थापून वाळवली ती गोवरी. ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे शब्द. पक्षी शिटतो; घोडा शिटत नाही. मराठी येणाऱ्या मोलला एवढी पायपीट करावीच लागली नसती. डोक्यावर काय आहे याचं नाव घेतलं असतं की आरोपी आपोआप कळला असता. आणि आमच्या सोसायटीतली इंग्रजी माध्यमातली पोरं या सगळ्याला एकच शब्द वापरतात, 'पू'. मागच्या महिन्यात नात माझ्या बायकोला म्हणाली, "आजी, मला पू आलाय." आजी धावत जाऊन मलम घेऊन आली.

या नातीचं वय चार. आयुष्याची पहिली दोन वर्षं तिनं काही केलं की घरात आनंदीआनंद व्हायचा. प्लॅस्टिकच्या त्या बदकावर बसून तिनं पहिल्यांदा जमवलं तेव्हा आम्ही चौघं मोठी माणसं बाथरूमच्या दारात टाळ्या वाजवत उभे होतो. मुलानं व्हिडिओ कॉल लावून तिच्या मामालाही दाखवलं. "शी केली! शाब्बास!" मग एक दिवस, कुठलीही पूर्वसूचना न देता, तोच शब्द फिरला. पाहुण्यांसमोर तिनं त्याच कर्तबगारीची बातमी दिली, तर आई म्हणाली, "शी!" आता लेकरानं काय समजायचं? मराठीत वस्तूचं नावही शी आणि किळसही शी. काल ज्या शीसाठी टाळ्या, आज त्याच शीसाठी शी. तिनं दोन-तीन दिवस विचार केला असावा. चौथ्या दिवशी जेवताना वरणभाताकडे बघून "शी" म्हणाली आणि आमच्या तोंडांकडे बघत बसली. एका अक्षरात चार मोठी माणसं हलतात, हे तिला कळलं होतं. तेव्हापासून ती हसतेय. पोरं त्या पदार्थाला हसत नाहीत, आपल्या चेहऱ्यांना हसतात, असा माझा आपला समज आहे.

"हे सगळे बाहेरच्या देशांचे चाळे," असा सभेतला पुढचा मुद्दा. चाळे आहेत खरे. जपानात तारो गोमी नावाच्या चित्रकारानं १९७७ सालीच 'सगळेच करतात' एवढं साधं सत्य सांगणारं चित्रपुस्तक काढलं. तिथंच २०१७ साली शाळकरी मुलांसाठी लिपीचा सराव करायच्या वह्या निघाल्या. प्राथमिक शाळेतली तेव्हाची १,००६ चिन्हं, प्रत्येकाला तीन वाक्यं, म्हणजे ३,०१८ वाक्यं, आणि एकूण एक वाक्यात तो पदार्थ हजर. वह्यांचा खप लाखांत गेला. लिपी गिरवायला बसत नाहीत म्हणून रडणाऱ्या आया, आता पोरं वहीवरून उठत नाहीत म्हणून रडू लागल्या असतील. आपल्याकडे हे करायचं तर जोडाक्षरांपासून सुरुवात करावी, असं मी सुचवलं. 'ष्ठ' कुणाला लवकर येत नाही. निष्ठा, प्रतिष्ठा हे शब्द पोरांच्या काही उपयोगाचे नाहीत. त्याच गोत्रातला तिसरा शब्द शिकवा, संध्याकाळपर्यंत वर्ग तयार.

प्राचार्य उठून जायला निघाले, म्हणून मी त्यांच्या समाधानासाठी अमेरिकेचा दाखला दिला. संस्कृती काही आपल्या एकट्यांकडेच नाही. टेक्सास राज्यातल्या लॅनो काउंटीत २०२१ साली सार्वजनिक वाचनालयांतून १७ पुस्तकं हटवली गेली. त्यांतली ७ निव्वळ ढुंगण आणि पादणे या विषयांना वाहिलेली. एकात पादरा बर्फाचा बाहुला आहे, एकात गॅस आवरेनासा झालेला हंस. मॉरिस सेंडाकचं १९७० सालचं एक नावाजलेलं पुस्तकही त्या १७ मध्ये होतं. त्यातला लहान मुलगा स्वप्नात कपडे हरवून बसतो. पूर्वी काही ग्रंथपालांनी त्या चित्रातल्या पोराला शाईनं लंगोट नेसवले होते. वाचक कोर्टात गेले. मग केंद्रीय न्यायालयातल्या न्यायमूर्तींना त्या सात पुस्तकांसाठी निकालपत्रात काहीतरी नाव घ्यावंच लागलं. त्यांनी सरळ 'बट अँड फार्ट बुक्स' लिहिलं. २०२५ साली १० विरुद्ध ७ मतांनी ठरलं, की पुस्तकं काढली म्हणून वाचकांना दाद मागता येणार नाही. बर्फाचा बाहुला हरला, पण नावानिशी हरला.

"बघा! अमेरिकेतसुद्धा!" प्राचार्य परत बसले. अमेरिकेनं केलं की आपली परंपरा सिद्ध होते.

मग मी परंपरेकडेच वळलो. मराठी पोराला ऐकवली जाणारी पहिली गोष्ट कोणती? चिमणी-कावळ्याची. त्यातल्या कावळ्याचं घर कशाचं असतं? पावसात वाहून जातं ते? सभेत कुणी बोललं नाही. सगळ्यात मोठं सुख कोणतं, या प्रश्नाचं उत्तर बिरबलानं अकबराला नावेत बसवून, काठाला लागू न देता कसं पटवलं, ते प्राचार्यांनीच गेल्या कोजागिरीला मसाला दूध पिता पिता सांगितलं होतं. वर्गात वास आला की पोरं गोल बसून, गुडघ्यांवर बोट फिरवत, गाणं म्हणत गुन्हेगार ठरवतात. ते गाणं इथल्या प्रत्येकाला पाठ आहे, खजिनदार तर नकळत पुटपुटलेही. आणि सरकार? सरकारनं गावागावाच्या वेशीवर, सरपंचाच्या नावाच्या वर, ठळक अक्षरांत लिहून ठेवलंय : हागणदारीमुक्त गाव. शासननिर्णयात तो शब्द आहे. त्यावर प्रमाणपत्रं दिली गेली, ढोलताशे वाजले, मंत्र्यांनी फिती कापल्या. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्यांना धरणाऱ्या पथकाचं नाव तेवढं सभ्य ठेवलं, गुड मॉर्निंग.

"ती वेगळी गोष्ट," चेअरमन म्हणाले. "तो शब्द शासकीय आहे."

'हगणाऱ्याला नाही तर बघणाऱ्याला तरी लाज' ही म्हण माझ्या जिभेवर आली होती. गिळली. सभा होती.

ठराव मांडायचा झाला तेव्हा खरी पंचाईत. इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे. 'सदर पुस्तकात' एवढं लिहून मी पेन उचललं आणि विचारलं, "सदर पुस्तकात काय आहे म्हणून लिहू?" 'शी' फार बालिश, रजिस्ट्रारनं वाचलं तर काय म्हणेल? 'गू'वर काकूंनी पदर तोंडाला लावला. 'विष्ठा' आयुर्वेदिक वाटतं. 'मल' म्हणावं तर पुढं 'निस्सारण' आल्याशिवाय तो शब्द उभा राहत नाही. 'शौच' प्राचार्यांना मान्य होतं, पण त्यांनीच सांगितलं की संस्कृतात त्याचा अर्थ शुद्धता. मग पुस्तकात शुद्धता आहे म्हणून ते काढा असा ठराव झाला असता. 'शेण' चाललं असतं, कारण शेण पवित्र, पण मोलच्या डोक्यावर शेण नव्हतं आणि खोटं लिहिणं इतिवृत्तात बसत नाही. पंचवीस मिनिटांनी सर्वानुमते मजकूर ठरला : 'तळमजल्यावर जिन्याखाली आढळून आलेली आक्षेपार्ह बाब त्वरित हटविण्यात यावी.' सूचक, अनुमोदक, सह्या. पहिल्या विषयाखाली 'चेंबरबाबत कंत्राटदारास कळविणे' असं होतंच. कार्यालयातल्या मुलानं दोन्ही ठराव एकाच कागदावर छापून ड्रेनेजवाल्याला पाठवले.

गुरुवारी सकाळी जेटिंगची गाडी फाटकात लागली. गमबूट घातलेला, खांद्यावर पाइप घेतलेला एक माणूस जिन्याखाली येऊन कपाटासमोर उभा राहिला. त्याला पाणी हवं होतं. काकूंनी वरून प्लॅस्टिकची बाटली पाठवली आणि "परत नको, राहू दे तुलाच," असं ओरडून सांगितलं. तो पाणी प्यायला, कागद बघितला, कपाटाखाली वाकून बॅटरी मारली.

"साहेब, इथं काही तुंबलेलं दिसत नाही. कुठंय?"

मी काही सांगायच्या आत नातीनं पुस्तक आणून त्याच्यासमोर पहिलं पान उघडलं. त्यानं पाइप खाली ठेवला, हात पँटला पुसले आणि चित्राकडे एक नजर टाकली.

"हे कुत्र्याचं," तो म्हणाला.

नात डोळे विस्फारून त्याच्याकडे बघत राहिली. एवढं शेवटच्या पानावरचं गुपित, आणि काकांनी पहिल्याच पानाला! तिनं पान उलटलं. "शेळी आली की लेंड्या," त्यानं सांगितलं. "लेंड्या," ती म्हणाली आणि हसता हसता पायरीवर बसली. तोही बसला. बाहेर चेंबर उपसायचं राहिलं होतं, ड्रायव्हर हॉर्न मारत होता, वरच्या मजल्यावरून काकू नाकाला रुमाल लावून "झालं का हो?" असं विचारत होत्या. ती दोघं अजून सशापाशी होती.